उचकी

"सावधान होईस्तोवर हसायचं नाही. हसेल तो खाली जाऊन चहा सांगणार," इकबाल म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

थोडी खरखर झाली. मग कुणा नवरीच्या मामाचा आवाज आला. तालमीत जोर मोजावेत तशा दमात मामा म्हणत होते:

आला रे वर हा बसून जिपने, घ्या हार हाती धरा

तम्माने रुमालाचा बोळा तोंडात कोंबून ठेवला होता, तरी तो 'जिपने'पाशी फुटला. इनामदारबाईंनी डोळे मिटूनच बोटाने जिन्याकडे खूण केली. तम्मा डोळे पुसत उठला.

"पण बाई, वृत्तात बसतंय की," तो दारातून म्हणाला.

"बसतंय म्हणून तर हसू येतं. जा, चहा सांग."

हे सगळं शहाऐंशी सालचं, इचलकरंजीतलं. इकबाल मुजावरचं कॅसेटचं दुकान होतं आणि दुकानावर पत्र्याचा माळा. आठवड्यातून एकदा यंत्रमागांना सुट्टी असे. गावाची खडखड त्या दुपारी थांबे आणि कानाला काही ऐकू येई. त्या दुपारी आम्ही चौघं माळ्यावर जमत असू. इकबाल, माग दुरुस्त करणारा जॉबर तम्मा, कन्याशाळेत तीस वर्षं गाणं शिकवून निवृत्त झालेल्या इनामदारबाई, आणि मी. माझं नाव भालचंद्र, सगळे भालू म्हणत. लग्नाकार्यात माईक आणि कर्णे लावायचा माझा धंदा.

आमचा छंद सांगितला की लोक आम्हाला वेड्यात काढत. आम्ही मंगलाष्टकं जमवायचो. चांगली नव्हेत. चांगली म्हणणारे भटजी पुष्कळ. आम्हाला हवे असत ते मामा, काका, आत्या, शेजारचे तलाठी, जे आदल्या दिवशी स्वतः चार ओळी जुळवतात, वृत्तात वराची पदवी, वधूचं शिवणकाम आणि आहेराची भांडी बसवतात आणि माईक हातात आला की सुराशी कसलाही संबंध न ठेवता शेवटपर्यंत जातात. निपाणी, मिरज, गडहिंग्लज, कुठून कुठून आमच्यासारखेच खुळे लोक कॅसेटी पाठवत, आमच्या मागवून घेत. इकबाल कॉपी काढून देई. बाई प्रत्येकीचा सूर आणि वृत्त सांगत. हसताना त्या कधी दिसल्या नाहीत, पण एकही दुपार चुकवली नाही.

या सगळ्या संग्रहात एक कॅसेट राजा होती. तिचं नाव 'उचकी'. एक शाळेतले गुरुजी आपल्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टक म्हणतात, चौथ्या ओळीत अर्ध्यावर येतात, अडकतात, त्यांना उचकी लागते, आणि ते परत पहिल्यापासून सुरू करतात. पुन्हा तिथंच अडकतात. पुन्हा उचकी. असं चार वेळा. मागे मांडव हसतोय. शेवटी बँडवाले कंटाळून त्यांच्या अंगावर बँड सोडतात आणि त्या गलक्यातून गुरुजींचा खणखणीत 'सावधान' येतो. त्या 'सावधान'ला हसला नाही असा माणूस आम्ही पाहिला नव्हता. तम्मा म्हणायचा, "गुरुजींची आठवण काढतंय कोन सारखं? सुटंना की उचकी." दोन वर्षांत तिच्या किती कॉपी गेल्या याची गणती नाही. आणि ती मी टिपली होती, माझ्या माईकवरून. या मंडळींत माझा जो काही मान होता तो या उचकीमुळे होता.

जिन्यावर पावलं वाजली. तम्माच्या मागून एक बाई आल्या. पंचविशीच्या असतील, अंगावर साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी. गळ्यात काही नव्हतं.

"पाव्हण्या आल्यात," तम्मा खुशीत म्हणाला. "खाली दुकानात इचारत होत्या. उचकी ऐकायला आल्यात, कोल्हापुरास्नं."

इकबालने लगबगीने खुर्ची पुसून दिली. आमची कीर्ती कोल्हापूरला पोचली आणि तीसुद्धा एका बाईमाणसापर्यंत, याचं आम्हाला फार कौतुक वाटलं. इनामदारबाईसुद्धा जरा सरकून बसल्या.

"तुम्ही कुठं ऐकलीत?" मी विचारलं.

"कामावरच्या मैत्रिणीच्या घरी. तिच्या भावाकडे होती. पण ती फार घासलेली होती. इथे मूळची आहे असं तो म्हणाला."

"हाय की," तम्मा म्हणाला. "आन् कॅसेट कशाला, मीच दावतो. ऐका." त्याने कानावर हात ठेवला, मान वर केली आणि गुरुजींच्या थरथरत्या आवाजात ओळ घेतली.

माझी शालन ही निघे सुखघरा

आणि तिथं थांबून, मान वळवून, खांदे उडवून उचकी दिली. अगदी हुबेहूब. इकबाल हसला. मीही हसलो. पाहुणी हसली नाही. तिने पिशवी मांडीवर नीट ठेवली.

"मीच शालन," ती म्हणाली.

तम्माचा हात कानावरच राहिला. ते नाव आम्ही दोन वर्षं रोज तोंडात घोळवत होतो. सायकलवरून जाताना, जेवताना, कुठेही. ते कुणाचं तरी असेल असं एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

"ताई, माफ करा," इकबाल उभा राहिला. "आम्हाला काय कल्पना... सगळ्या कॉपी परत मागवतो बघा मी."

"माफीसाठी नाही आले," शालन म्हणाली. "मला एकच गोष्ट ऐकायची आहे. बाबांनी शेवटचं सावधान म्हटलं का नाही."

कुणालाच काही कळेना. बाईंनी तिला पाणी दिलं. तिने ते घेतलं नाही, हातातच धरून ठेवलं.

"लग्नाच्या दिवशी पहाटे मी बाबांना सांगितलं होतं," ती म्हणाली. "मुलाकडच्यांचं आदल्या रात्रीचं बोलणं माझ्या कानावर आलं होतं. मी म्हटलं, बाबा, मला हे नको वाटतंय. मांडवात तीनशे माणसं उतरलेली. बाबांनी मांडवाकडे बघितलं. मग म्हणाले, 'शेवटचं मंगलाष्टक माझं आहे. शेवटचं सावधान माझ्या तोंडून जायचंय. तोवर काही बिघडत नाही.' एवढंच म्हणाले. मी त्या शब्दावर उभी राहिले. अंतरपाटासमोर हार घेऊन उभी होते आणि मनात म्हणत होते, बाबा थांबतील. ते अडकले तेव्हा वाटलं, थांबले. मग परत सुरू झाले. परत थांबले. मग एकदम बँड वाजला, अंतरपाट गेला, अक्षता पडल्या. झालं लग्न."

"आणि सावधान?" बाईंनी विचारलं.

"मला कळलंच नाही. समोर नुसता गोंगाट होता."

ते मला कळत होतं. त्या कार्यालयात माईकची वायर आखूड पडली होती, म्हणून म्हणणाऱ्याला बोहल्यापासून लांब, खाली माझ्या टेबलाशी उभं राहावं लागलं होतं. कर्णे माणसांकडे तोंड करून. कर्ण्यांच्या मागे उभं राहणाऱ्याला आवाज येतो, शब्द येत नाहीत. बोहल्यावरच्या माणसांना मंगलाष्टक कधीच ऐकू जात नाही, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी सांगत नाही.

"दहा महिन्यांनी मी ते घर सोडलं," शालन म्हणाली. "माहेरी गेले नाही. बाबा कोल्हापूरला खोलीवर आले होते एकदा. मी दारातच विचारलं, तुम्ही सावधान का म्हटलंत? ते म्हणाले, 'चुकलं माझं.' मग मी दार लावून घेतलं. त्याला वर्ष झालं. आता महिन्यापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. काका कळवतायत, येऊन जा. मी काय तोंडाने जाऊ ते मला कळत नाही. त्यांनी मला शब्द देऊन तो मोडला असेल तर मला जायचं नाही. आणि मोडला नसेल तर..." ती थांबली. "त्यांना विचारून आता उपयोग नाही. म्हणून तुमच्याकडे आले. साडेचारला आमच्या गावची गाडी आहे. ती धरायची का कोल्हापूरची, एवढंच ठरवायचंय."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजत होते. इकबालने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ते का, हे त्या माळ्यावर फक्त मला माहीत होतं.

"लावा," शालन म्हणाली.

इकबालने कॅसेट घातली. तीच, जिच्यावरून सगळ्या कॉपी निघत. हजारदा ऐकलेली कॅसेट त्या दिवशी संपता संपेना. गुरुजी आले, अडकले, उचकी लागली. मांडव हसला. दुसरी वेळ. तिसरी. तम्मा भिंतीकडे तोंड करून उभा होता. शालनचं बाकी कशाकडेच लक्ष नव्हतं, ती पुढचं ऐकायला बसली होती. चौथी उचकी. बँड फुटला. आणि बँडच्या वरून, टाळी द्यावी तसा तो आला, "सावधान".

"म्हटलं," शालन म्हणाली.

इकबालने टेप बंद केला.

"म्हटलं त्यांनी. इतकं मोठ्यांदा म्हटलं." तिने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि ती उठली. रडली नाही. साडीचा पदर ओढून घेतला आणि पिशवी उचलली. "बरं झालं. कोल्हापूरची गाडी कुठून सुटते?"

"चौकातनं," तम्मा भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाला.

मी बोलायला हवं होतं. मी गप्प बसलो. ती जिन्यापर्यंत गेली तरी गप्प बसलो. आणखी चार पायऱ्या उतरली असती तर गोष्ट तिथेच संपली असती आणि माझ्या नावाला काही धक्का लागला नसता, हे मी त्याही क्षणी नीट समजून होतो.

"थांब बाळ," इनामदारबाई म्हणाल्या. "इकबाल, शेवटचं परत लाव. तेवढंच."

बँड. सावधान.

"अजून एकदा."

बँड. सावधान. बाईंनी डोळे मिटले होते. आम्ही त्यांना पुष्कळदा असं पाहिलं होतं, पण तेव्हा सगळी मजा असे.

"हे गृहस्थ काळी दोनमध्ये म्हणतायत," बाई म्हणाल्या. "घाबरलेत, थरथरतायत, पण चारही वेळा त्यांचा सूर तिथेच आहे. शाळेत प्रार्थना सांगणाऱ्या माणसाचा पक्का सूर आहे तो. हा सावधान पांढरी चारचा आहे. हा दुसऱ्याच माणसाचा गळा आहे."

"म्हणजे?" शालन जिन्याशीच उभी होती.

"म्हणजे हा कुणीतरी जोडलाय." बाईंनी डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. गंमत आहे म्हणून बोलले नाही. भालचंद्र, ही कॉपी इकबालला तू आणून दिलीस ना?"

"हो."

"सावधान तू जोडलास?"

"हो," मी म्हणालो. "दुसऱ्या लग्नातला आहे. कागलच्या. बँड नुसताच संपत होता, शेवट फिका पडत होता. म्हणून जोडला."

शालन परत आत आली.

"मग बाबांनी म्हटलं नाही?"

"मूळच्या कॅसेटवर काय आहे?" बाईंनी मला विचारलं.

"मूळची नाही. पुसली गेली," मी म्हणालो. "तिच्यावर दुसरं काहीतरी टेप झालं."

ते मी इतक्या सहज बोललो की माझं मलाच नवल वाटलं. शालन माझ्याकडे बघत राहिली. तिला खोटं ओळखता आलं नसेल, पण तिचा चेहरा बघवेना. मघाशी 'म्हटलं' म्हणताना तिच्या तोंडावर निदान काहीतरी ठरल्याचं दिसत होतं. आता तेही नव्हतं.

"आठव जरा, भालू," इकबाल म्हणाला. "टेप करताना तू तिथंच होतास. तुझ्या डोळ्यांसमोर झालं की सगळं. गुरुजी म्हणाले का नाही म्हणाले?"

"गर्दी होती. लक्षात नाही."

"उचकी लक्षात आहे, हे लक्षात नाही?" बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. वर्गात पोरीला उभं करून विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"चहा बघून येतो," मी म्हणालो आणि खाली उतरलो.

चहा बघायचा नव्हताच. खाली माझा टेम्पो उभा होता, टेम्पोत माईकची पेटी, पेटीच्या तळाशी वायरींच्या वेटोळ्याखाली पत्र्याचा डबा, डब्यात ती मूळची कॅसेट. मी ती कधी पुसली नव्हती, कधी कुणाला दिलीही नव्हती. शेजारच्या सीटवर माझा छोटा टेपरेकॉर्डर होता. कॅसेट आत घालायची, लाल बटण दाबायचं, आणि दहा मिनिटं रस्त्याचा आवाज भरू द्यायचा. मग माझं वर सांगितलेलं सगळं खरं झालं असतं. मी कॅसेट आत घातलीसुद्धा. बोट बटणावर ठेवून मी उभा राहिलो. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, असं माझी आई म्हणायची. पण हा नुसता शेंबूड नव्हता.

मला वर माळ्यावर पावलांचा आवाज आला. ती परत निघाली असावी. कुठल्या गाडीला ते तिलाही माहीत नसणार. मी कॅसेट काढली आणि दोन दोन पायऱ्या टाकत वर गेलो.

"सापडली," मी म्हणालो. सापडली या शब्दावर कुणाचाही विश्वास बसला नाही. इकबालने ती हातातून घेतली आणि मोठ्या डेकमध्ये घातली. स्वच्छ आवाज आला. कॉपीवरून कॉपी काढली की बारीक आवाज आधी मरतात, या कॅसेटवर ते सगळे जिवंत होते. बांगड्या, एका बाळाचं रडणं, माईकशी उभ्या असलेल्या गुरुजींचा श्वाससुद्धा.

पहिली वेळ. दुसरी. तिसरी. चौथी. चौथ्यांदा गुरुजी 'सुखघरा'पाशी आले, थांबले, तोच हुंदक्यासारखा आवाज झाला, आणि मग अगदी जवळून, माईकच्या पलीकडे हातभर अंतरावरून, एक तरुण, हसू दाबणारा आवाज म्हणाला:

"वाजवा रे. वाजवा."

आणि बँड फुटला. बँडखाली गुरुजी काहीतरी म्हणत राहिले होते. "अहो थांबा, थांबा," असं. मग माईक बंद झाल्याचा टक्क आवाज. सावधान नव्हतं. कुठेच नव्हतं.

"हा कुणाचा आवाज?" शालनने विचारलं. मात्र ती माझ्याकडेच बघून विचारत होती.

"माझा."

तम्मा भिंतीपासून वळला. "भालू?"

"शेवटचं सावधान झालं की मी हात वर करायचो," मी म्हणालो. "बँडवाले माझ्याकडे बघून वाजवायचे. नेहमीचंच होतं. त्या दिवशी मुलाकडचा एकजण दोनदा येऊन गेला होता, मुहूर्त टळतोय, आटपा म्हणून. पण खरं ते कारण नव्हतं. टेप चालू होता. गुरुजी चौथ्यांदा अडकले आणि मला वाटलं, आता वर बँड पडला तर काय बहार येईल. हसू आवरत नव्हतं मला. म्हणून सांगितलं, वाजवा. नंतर माझा आवाज कापला आणि सावधान जोडला."

"ते म्हणणार होते का नव्हते?" शालनने विचारलं.

"मला माहीत नाही. मी त्यांना संधीच दिली नाही."

मला वाटलं ती काहीतरी बोलेल. शिव्या देईल, निदान. मला ते हवंही होतं. पण ती माझ्यापाशी थांबलीच नाही. तिच्या कपाळावर आठी पडली होती आणि ती डेककडे बघत होती.

"ते थांबतात तिथे परत लावा," ती इकबालला म्हणाली. "पहिल्यांदा थांबतात तिथे. मोठा करा आवाज."

इकबालने मोठा केला.

माझी शालन ही निघे सुखघरा

आणि उचकी. तिने हात वर केला. परत. आणि उचकी. तिसऱ्यांदा लावल्यावर तिने स्वतःच पुढे होऊन बटण बंद केलं.

"ही उचकी नाही," ती म्हणाली.

"मग?" बाईंनी विचारलं.

"घरी मला अक्का म्हणतात. थोरली ना मी. बाबा पण अक्काच म्हणतात."

इकबालने न विचारता टेप मागे घेतला. आता आम्हाला सगळ्यांनाच ऐकू आलं. गुरुजी ओळ म्हणत, थांबत, माईकवरून तोंड वळवून लांब बोहल्याकडे बघत आणि कोंडलेल्या गळ्याने, शेवट वर नेऊन, विचारत, "अक्का?" तोंड वळल्यामुळे पहिलं अक्षर माईकबाहेर जाई आणि उरलेलं आत येई. आम्ही ते 'क्का' दोन वर्षं गावभर करून दाखवत होतो. मी मूळची कॅसेट दहा वेळा ऐकली असेन, मलाही उचकीच ऐकू आली होती. हसायला बसलेल्या माणसाला हसण्याजोगंच ऐकू येतं.

"ते मला विचारत होते," शालन म्हणाली. "मी वाट बघत होते ते कधी थांबवतात त्याची. आणि ते माझी."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तम्मा खाली बसला, तोंड गुडघ्यात घालून. सुखघरा म्हणताना तोच सगळ्यात जास्त हसवायचा.

"कॅसेट तुम्ही न्या," मी म्हणालो. "त्यांना ऐकू येतं ना?"

"ऐकू येतं. डोळ्यांनी सांगतात, काका म्हणाले."

ती गावच्या गाडीने गेली. इकबालने आपला टेपरेकॉर्डर तिच्याबरोबर दिला. गुरुजींच्या उशाशी तो सात महिने होता, ते जाईपर्यंत. हे आम्हाला नंतर काकांच्या पत्रावरून समजलं. पत्र बाईंच्या नावाने आलं होतं. माझा त्यात उल्लेख नव्हता. त्यानंतर माळ्यावर आम्ही फारसे जमलो नाही. मी लग्नं घेतच राहिलो, पण माईकची वायर लांब केली आणि बँडला हात करायचं काम सोडलं.

पण ती निघण्यापूर्वीचं एक सांगायचं राहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. कॅसेट पिशवीत ठेवायला तिने हातात घेतली होती. मग तिने ती परत डेकमध्ये घातली.

"एकदाच," ती म्हणाली. "चौथी वेळ."

इकबालने नेमकी जागा काढून दिली. बांगड्या, बाळाचं रडणं, मांडवातलं हसू. गुरुजींनी ओळ घेतली. आवाज आता पार गेला होता, पण सूर हलला नव्हता. सुखघरा. ते थांबले.

"अक्का?"

"ओ," शालन म्हणाली. हाक ऐकल्यावर घरात देतो तशी, साधी. "नको मला, बाबा."

आणि लगेच माझा आवाज आला, वाजवा रे, वाजवा.